आकाशातले पट्टे: फाइलमधून जातात, वॉलपेपर लावला की परत येतात

ग्रहामागून तेजाचं वलय निघतं आणि कडेकडेने काळसर निळ्या आकाशात विरून जातं, असं चित्र तुम्ही काढलेलं असतं. डेस्कटॉपवर मात्र ते विरत नाही, पायरी-पायरीने उतरतं. ग्रहाभोवती कांदा आडवा कापल्यासारखी वर्तुळं दिसतात. क्षितिजावरच्या धुक्यात आडवे पट्टे उठतात. नेब्युलाच्या, म्हणजे तेजोमेघाच्या, जांभळ्या भागात तर रंगाला चक्क कडा फुटतात. याला बँडिंग म्हणतात. अवकाशाची किंवा रात्रीच्या डोंगरांची चित्रं करणाऱ्या बहुतेकांना ते कधी ना कधी छळतं.

उपाय तसा सगळ्यांनी ऐकलेला असतो: थोडा नॉइज, म्हणजे पिक्सेलांची बारीक यादृच्छिक हलचल, टाका. तरी तक्रार थांबत नाही. नेरुळला राहणारी माझी भाची गेल्या पावसाळ्यापासून मला हेच विचारते आहे. "मावशी, तू म्हणालीस तसा नॉइज टाकला. एडिटरमध्ये एकदम गुळगुळीत दिसतं. डेस्कटॉपला लावलं की पुन्हा पट्टे. मग मी अजून नॉइज टाकते, मग सगळं रेताड होतं आणि पट्टे आहेत तिथेच." तिच्या या बोलण्यातच दुखण्याचा पत्ता आहे. पट्टे मोडणारा नॉइज फाइलमध्ये आहे, पण फाइल आणि डोळा यांच्या मधे कुणीतरी तो पुसून टाकतंय. अजून नॉइज टाकून हे सुटत नाही. पुसणारा कोण ते आधी शोधावं लागतं.

आधी आकडे वाचा

डोळ्यांवर विसंबू नका. बँडिंगच्या बाबतीत डोळा फार फसवतो, त्याचं कारण पुढे येईलच. वॉलपेपर लावा, विंडोज आणि डी ही बटणं एकत्र दाबून सगळ्या खिडक्या खाली घाला, स्क्रीनशॉट काढा आणि तो पीएनजी म्हणून ठेवा. फोटोशॉप, गिंप, क्रिता, जे वापरत असाल त्यात तो उघडून पट्ट्याची एखादी कड आठपट मोठी करा. आता आयड्रॉपर, म्हणजे पिक्सेलचा रंग वाचणारं साधन, त्या कडेवरून आडवा फिरवत लाल, हिरवा, निळा यांचे आकडे पाहत जा.

निळ्याचे आकडे ३१, ३१, ३१, ३१ असे ओळीने येऊन मग एकदम ३२, ३२, ३२ सुरू होत असतील तर पायरी खरोखरच तिथे आहे. ३१, ३२, ३१, ३१, ३२, ३२, ३१ अशी सरमिसळ असेल तर चित्र धडधाकट आहे आणि तुमची स्क्रीन ते नीट दाखवत नाही. पायरी सापडली तर तीच जागा मूळ फाइलमध्ये शोधा आणि तिथले आकडे वाचा. मूळ फाइलमध्ये सरमिसळ आणि स्क्रीनशॉटमध्ये स्वच्छ पायरी, म्हणजे घोटाळा वॉलपेपर लावताना झाला. दोन्हीकडे स्वच्छ पायरी, म्हणजे तो चित्र करतानाच झालेला आहे आणि बिचाऱ्या विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही.

एक करू नका. स्क्रीनशॉट मैत्रिणीला चॅटवर पाठवून "तुला दिसतात का गं पट्टे?" असं विचारू नका. फोटो म्हणून पाठवलेली प्रतिमा चॅट ॲप पुन्हा दाबून लहान करतं, आणि त्यात स्वतःच्या पायऱ्या घालतं. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल आहे तशी पोचते.

पायरी येते कुठून

आपण नेहमी वापरतो ती प्रतिमा ८-बिट असते, म्हणजे प्रत्येक रंगाच्या ० ते २५५ अशा २५६ पातळ्या. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण रात्रीचं आकाश त्यातल्या तळाच्या थोड्याच पातळ्या वापरतं. समजा आकाश डाव्या कडेला १० आहे आणि उजव्या कडेला ४०. मधे फक्त ३० पायऱ्या. १९२० पिक्सेल रुंदीवर त्या पसरल्या की एकेक पायरी ६४ पिक्सेल रुंद होते. ३८४० पिक्सेलच्या ४के स्क्रीनवर १२८. दोन पायऱ्यांत फरक एकाच पातळीचा असतो, पण ती कड लांबलचक आणि अखंड असते, त्यामुळे नजर तिच्यावर अडकते.

आणि नजर त्यात भर घालते. अर्न्स्ट माख याने १८६५ मध्येच हा परिणाम मांडला होता: छटा बदलते तिथे उजळ बाजू कडेपाशी आहे त्याहून उजळ भासते आणि गडद बाजू अधिक गडद. म्हणजे एका पातळीचा फरक डोळा आहे त्याहून मोठा करून दाखवतो. अंधाऱ्या खोलीत, पूर्ण स्क्रीनभर, तासन् तास समोर असलेल्या वॉलपेपरवर तर विचारूच नका. दिवसाच्या निसर्गचित्रात हा त्रास फारसा होत नाही, कारण गवत, दगड, पानं, ढग यांच्या पोतात पायऱ्या हरवून जातात. वॉलपेपरला मात्र मोकळी, शांत जागा लागते, आयकॉन वाचता यायला हवेत. नेमकी तीच जागा बँडिंगला आवडते.

नॉइजची युक्ती जुनी आहे. लॉरेन्स रॉबर्ट्स, ज्याचं नाव पुढे इंटरनेटची पूर्वज असलेल्या आर्पानेटच्या उभारणीत झालं, त्याने १९६२ साली टेलिव्हिजनचं चित्र कमी बिटांत पाठवण्याबद्दल लिहिताना ती मांडली: पातळ्या कमी करण्याआधी चित्रात यादृच्छिक नॉइज मिसळायचा. यातला 'आधी' महत्त्वाचा आहे, आणि निम्म्या लोकांचं गाडं तिथेच अडतं.

समजा १६-बिट फाइलमध्ये एका जागी निळ्याची खरी किंमत ३१.४ आहे. नॉइज मिसळून मग ती ८-बिट केली, तर त्या भागातले साधारण ६० टक्के पिक्सेल ३१ होतात आणि ४० टक्के ३२. लांबून पाहिलं की सरासरी ३१.४ च दिसते. पण आधी ८-बिट केली तर सगळे पिक्सेल ३१ झाले, ते .४ कायमचे गेले. त्यानंतर टाकलेला नॉइज ३१ च्या आसपास नाचतो, शेजारच्या पट्ट्यातला ३२ च्या आसपास. पायरी जिथल्या तिथे, वर नुसती रेती. भाचीचं चित्र रेताड होत होतं आणि पट्टे जात नव्हते, त्याचं अर्धं कारण हे.

वॉलपेपर लावताना

उरलेलं अर्धं कारण विंडोजमध्ये आहे. तुम्ही दिलेली फाइल विंडोज थेट वापरत नाही. तिची एक प्रत बनवतं आणि डेस्कटॉपवर ती प्रत दिसते. तुम्ही जेपीईजी दिलीत तर प्रत बनवताना ती ८५ टक्के गुणवत्तेवर पुन्हा दाबली जाते. जेपीईजी चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन करते आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील, जो डोळ्याला जाणवणार नाही असं तिला वाटतं, तो गाळते. आपला नॉइज म्हणजे निव्वळ बारीक तपशील. एका पातळीएवढा, पिक्सेलागणिक बदलणारा. जेपीईजीच्या दृष्टीने तो कचराच. तो झाडला गेला की खालून पायऱ्या वर येतात, आणि त्याही आता चौकोनी, दातेरी कडांच्या.

प्रत बघायची सोय आहे. विंडोज आणि आर दाबून रनची खिडकी उघडा, टक्क्यांच्या दोन चिन्हांमध्ये ॲपडेटा हा शब्द इंग्रजीत लिहून एंटर करा, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, थीम्स अशा फोल्डरांत उतरा. तिथे ट्रान्सकोडेडवॉलपेपर नावाची, शेवटी कुठलंही एक्स्टेंशन नसलेली फाइल असते. ती दुसरीकडे कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये उघडा. सगळी बाराखडी कोसळल्यागत अगम्य चिन्हं दिसतील, पण पहिल्याच ओळीत पीएनजी किंवा जेएफआयएफ अशी इंग्रजी अक्षरं ओळखू येतात. पीएनजी असेल तर बारीक तपशील दाबून गाळलेला नाही. जेएफआयएफ असेल तर ती जेपीईजी आहे. तुम्ही पीएनजी दिलीत तरी प्रत कुठली बनते हे विंडोजच्या आवृत्तीप्रमाणे बदलतं, म्हणून अंदाज न बांधता ही फाइल उघडून बघणं बरं.

जेपीईजीच बनत असेल तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यात, गुणवत्ता वाढवता येते. रेजएडिट उघडा, करंट यूजरच्या शाखेत कंट्रोल पॅनेल आणि त्यात डेस्कटॉप इथे जा. उजवीकडे मोकळ्या जागी राइट क्लिक करून नवी ३२-बिट डीवर्ड किंमत तयार करा. तिचं नाव जेपीईजी इम्पोर्ट क्वालिटी, हे तीन शब्द इंग्रजीत, मधे जागा न सोडता. रजिस्ट्रीतल्या नावांना कॅपिटल-स्मॉलचा फरक पडत नाही, स्पेलिंग मात्र चोख हवं. किंमत टाकताना डेसिमल निवडा आणि १०० लिहा. डेसिमल न निवडता १०० लिहिलंत तर ते हेक्साडेसिमल समजून २५६ होतं. मग लॉगआउट करून परत या आणि वॉलपेपर नव्याने लावा, कारण जुनी प्रत आपोआप बदलत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर रजिस्ट्रीला हात लावू नका. आयटीवाले विचारतील तेव्हा नेब्युलाचं कारण पटणार नाही.

या टप्प्यावर दुसरा घोटाळा आकाराचा होतो. लोक उत्साहाने ४के चित्र बनवतात आणि १९२० बाय १०८० च्या, किंवा अजूनही घरोघरी असलेल्या १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर लावतात. विंडोज ते लहान करतं. निम्मं करताना चार पिक्सेलांची सरासरी काढून एक पिक्सेल बनतो, त्यात नॉइजचा जोर निम्मा होतो, आणि सरासरीला पुन्हा पूर्णांकात बसवावं लागतं. पायऱ्या परत. म्हणून प्रत्येक स्क्रीनसाठी तिच्या नेमक्या पिक्सेलांएवढी वेगळी फाइल करा, आणि नॉइज आकार बदलल्यानंतर टाका. डिस्प्ले सेटिंगमध्ये १२५ टक्के स्केल आहे म्हणून हिशेब बदलू नका. वॉलपेपरला पॅनेलचे खरे पिक्सेल लागतात. लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडलेला असेल तर पर्सनलायझेशनमध्ये चित्रावर राइट क्लिक करून कुठलं चित्र कुठल्या मॉनिटरला ते सांगता येतं.

स्क्रीनशॉट ठीक, तरी डोळ्याला पट्टे

हे प्रकरण वेगळं. इथे चित्राला हात लावायचाच नाही.

सगळ्यात आधी नाइट लाइट बंद करून बघा. ऐरोली-महापे पट्ट्यात रात्रपाळी करणाऱ्या मंडळींच्या लॅपटॉपवर तो चोवीस तास चालू असतो. नाइट लाइट निळ्याच्या पातळ्या दाबतो, म्हणजे निळ्यासाठी उपलब्ध २५६ पायऱ्यांतल्या कित्येक एकमेकींत विलीन होतात. निळं-जांभळं आकाश त्यात पहिलं बळी पडतं, तांबडा मंगळ बचावतो. हा बदल स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाही, त्यामुळे आकडे स्वच्छ दिसतात आणि माणूस चक्रावतो.

मग मॉनिटरचं स्वतःचं मेन्यू बटण. गेम मोड, ब्लॅक इक्वलायझर, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट अशा नावांच्या सोयी काळोखातला शत्रू दिसावा म्हणून गडद छटा वर खेचतात. खेचल्या की पायऱ्यांतलं अंतर वाढतं. बंद करा. कॅलिब्रेशन प्रोफाइल, म्हणजे स्क्रीनचे रंग जुळवणारी फाइल, लावलेलं असेल तर तेही थोडा वेळ काढून पाहा, कारण ग्राफिक्स कार्डातून लावलेली दुरुस्तीही काही पातळ्या खाते.

टीव्हीला मॉनिटर म्हणून जोडलं असेल तर आणखी एक शक्यता. ठाण्यात आमच्या इमारतीतले एक काका निवृत्तीनंतर हौसेने शनीची चित्रं करतात, आणि ती हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर लावतात. लॅपटॉपवर शनी देखणा, टीव्हीवर त्याच्या मागचं आकाश राखाडी आणि पट्ट्यापट्ट्यांचं. एचडीएमआयवरून चित्र जाताना पातळ्या १६ ते २३५ एवढ्याच ठेवायची टीव्हीच्या जगातली पद्धत आहे, म्हणजे २५६ ऐवजी २२० पातळ्या. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये डायनॅमिक रेंज लिमिटेडवरून फुल केली आणि टीव्हीच्या मेन्यूतही ती जुळवली की काम होतं. दोन्हीकडे जुळवायला विसरू नका. लॅपटॉपकडून फुल आणि टीव्हीवर लिमिटेड असेल तर काळोखाचा तळच गिळला जातो.

शेवटी पॅनेल. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे बिट डेप्थ दिसते. तिथे ६-बिट लिहिलेलं असेल, किंवा खरेदीच्या माहितीपत्रकात १.६७ कोटी रंगांऐवजी १.६२ कोटी रंग असं असेल, तर पॅनेल मुळात प्रत्येक रंगाच्या ६४ च पातळ्या दाखवतं आणि मधल्या छटा भराभर लुकलुकवून भासवतं. स्वस्त लॅपटॉपमध्ये हे सर्रास असतं. अशा स्क्रीनसाठी चित्रातच जास्त खडबडीत नॉइज ठेवायला हवा, किंवा आकाशाला मुळातच पोत हवा. कसा, ते खाली.

चित्र करताना

नवी फाइल उघडतानाच १६-बिट निवडा. फोटोशॉपमध्ये इमेज, मोड इथे. क्रितामध्ये नव्या दस्तऐवजाच्या खिडकीत. गिंपमध्ये इमेज, प्रिसिजन इथे. गिंपला ही सोय २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून आहे, त्यामुळे कुणाच्या जुन्या संगणकावर २.८ अजून पडलेलं असेल तर आधी ते बदला.

१६-बिट का, ते मोठ्या मऊ ब्रशने कळतं. ताऱ्याभोवती तेज आणायला आपण ब्रशची अपारदर्शकता एक-दोन टक्के ठेवून हळूहळू थर चढवतो. ८-बिटमध्ये ब्रशचा रंग आणि खालचा रंग यांत ३० पातळ्यांचा फरक असेल तर एक टक्क्याचा हात म्हणजे ०.३ पातळीचा बदल. पूर्णांकात तो शून्य होतो. कितीही वेळा फिरवा, काही होत नाही. फरक जास्त असेल तिथे मात्र एकदम एक पातळी चढते. तेजाची वर्तुळं तयार होतात ती अशी, आणि ती फाइलमध्ये कोरली जातात.

त्याहून मोठा गुन्हेगार म्हणजे कलर डॉज, थर एकमेकांत मिसळायच्या पद्धतींपैकी (ब्लेंड मोड) एक. नेब्युलाला आतून पेटवायला सगळेच तो वापरतात, दिसतोही झकास. पण त्याचं गणित खालच्या किमतीला भागायचं आहे. वरच्या थराची उजळता ७५ टक्के असेल तर खालचा रंग चौपट होतो. खाली एकेका पातळीच्या पायऱ्या असतील तर वर चार-चार पातळ्यांच्या होतात, आणि चार पातळ्यांची पायरी कुठल्याही नॉइजला सहजी ऐकत नाही. १६-बिटमध्ये खाली पायऱ्याच इतक्या बारीक असतात की चौपट होऊनही दिसत नाहीत. माझं स्वतःचं मत विचाराल तर नेब्युलासाठी स्क्रीन मोडच्या दोन-तीन पातळ थरांत जे काम होतं ते डॉजच्या एका थरात उरकण्याची घाई करू नये. डॉजचे नेब्युला सगळे एकसारखेच दिसतात.

एक सापळा फोटोशॉपवाल्यांसाठी. फिल्टर गॅलरीतले बरेच फिल्टर १६-बिटमध्ये चालत नाहीत, मेन्यूत फिकट दिसतात. मग माणूस क्षणभर ८-बिटमध्ये जातो, फिल्टर लावतो आणि १६-बिटमध्ये परततो. शीर्षकपट्टीत १६ दिसतं, पण गेलेल्या पातळ्या परत येत नाहीत. शंका असेल तर हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या पातळीचे किती पिक्सेल ते दाखवणारा आलेख, उघडा. लेव्हल्स थोडी ताणल्यावर त्यात कंगव्यासारखे दात दिसले तर फाइल कधीतरी ८-बिटमधून जाऊन आलेली आहे. असा फिल्टर हवाच असेल तर तो ताऱ्यांच्या किंवा खडकांच्या वेगळ्या फाइलवर लावून आणा, आकाशाच्या थराला त्यातून नेऊ नका.

बाहेरून आणलेला मालही तपासा. जेम्स वेब दुर्बिणीची कॅरिना नेब्युलाची ती प्रसिद्ध प्रतिमा, १२ जुलै २०२२ ला जाहीर झालेली, पोत म्हणून कितीतरी जण वापरतात. पण शोधयंत्रातून उचललेली छोटी जेपीईजी घेऊन ती ताणतात. अधिकृत संकेतस्थळावर मोठी टिफ फाइल मिळते, ती घ्या. स्वतःचे फोटो असतील तर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले, हवेत. येऊरवरून किंवा खारघरच्या टेकड्यांवरून संध्याकाळी काढलेला क्षितिजाचा फोटो परग्रहाच्या निसर्गचित्राला उत्तम पाया असतो, पण फोनचा नाइट मोड त्यातला नॉइज घासून काढतो आणि जेपीईजी करून देतो. नवी मुंबईचं दिव्यांनी तांबूस झालेलं आकाश आधीच एक सपाट ग्रेडियंट, म्हणजे हळूहळू बदलत जाणारी छटा, आहे. त्यात फोनने पट्टे पाडून दिले की पुढे काही करता येत नाही. रॉ फाइलमध्ये १२ बिट म्हणजे ४०९६ पातळ्या असतात, १४ बिट म्हणजे १६३८४. ट्रायपॉड वगैरे नंतर, आधी फोनमध्ये रॉ चालू करा.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांनी आउटपुटच्या पानावर पोस्ट प्रोसेसिंगमध्ये डिथर (पायऱ्या मोडणारा नॉइज) नावाचा आकडा पाहावा. तो शून्य असेल तर १ करा. धुक्याचं दृश्य डीनॉइझरमधून काढल्यावर ते इतकं स्वच्छ होतं की डिथर नसेल तर ८-बिट पीएनजीत पट्टे हमखास येतात. पुढे एडिटरमध्ये रंगकाम करणार असाल तर ८-बिट पीएनजी काढूच नका, जास्त बिटांची ईएक्सआर फाइल काढा.

आता शेवटचा नॉइज. लोक ५० टक्के राखाडी थर घेतात, त्यावर नॉइज टाकतात आणि थर ओव्हरलेवर ठेवतात, कारण नंतर कमी-जास्त करता येतो. पोर्ट्रेटला हे छान चालतं. रात्रीच्या आकाशाला चालत नाही. गडद भागात ओव्हरले खालच्या किमतीशी गुणाकार करतो. नॉइज १२८ च्या आसपास ५ पातळ्यांनी हलत असेल तर खाली २० असलेल्या आकाशात तो जेमतेम ०.८ पातळीने हलतो, आणि ८ असलेल्या आकाशात ०.३ ने. म्हणजे जिथे गरज सर्वात जास्त तिथे तो नसल्यातच जमा. नॉइज थेट चित्रावरच टाकायला हवा.

माझा क्रम असा असतो: सगळं चित्र १६-बिटमध्ये पूर्ण करायचं, थरांची मूळ फाइल ठेवून द्यायची, एक सपाट प्रत काढायची, ती एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत आणायची, स्क्रीनच्या नेमक्या आकारात लहान करायची, मग ०.५ ते १ टक्का नॉइज टाकायचा, आणि अगदी शेवटी ८-बिट करून पीएनजी. मोनोक्रोमॅटिकची खूण काढून टाकते, म्हणजे तिन्ही रंगांत वेगवेगळा नॉइज पडतो आणि तिन्हीच्या पायऱ्या स्वतंत्रपणे मोडतात. गिंपमध्ये तर प्रिसिजन ८-बिट करतानाच थरांसाठी डिथरिंग निवडता येतं, वेगळा नॉइज नसला तरी चालतं. यातल्या दोन टप्प्यांची जागा बदलली, म्हणजे नॉइज आधी आणि लहान करणं नंतर, तर सगळी मेहनत फुकट.

६-बिट पॅनेलसाठी आकाश रिकामं सोडू नका. पूर्ण काळा ० टाळा, तळ ६ ते ८ च्या आसपास ठेवा. अगदी मंद ताऱ्यांची, नजरेला न जाणवणारी धूळ पसरवा, आकाशगंगेत असते तसे गडद धुळीचे पदर द्या. वांगणीला अमावास्येच्या आसपास आकाश पाहिलेल्यांना हे सांगावं लागत नाही; खरं काळं आकाश सपाट कधीच नसतं. चित्रातही ग्रेडियंट जितका लांब आणि मंद, तितका धोका जास्त. ४० पासून १० पर्यंत पूर्ण रुंदीभर उतरण्याऐवजी आकाश थोडं तिरकं उतरवा, मधे एखादा पदर आणा, कडा तुटतात.

जुनी ८-बिट फाइल वाचवायची असेल तर

मूळ थर नाहीत, फक्त पट्टे पडलेली फाइल आहे, अशी वेळ येतेच. नुसतं १६-बिटमध्ये नेऊन काही होत नाही. ३१ चे ३१.० होतात, ३१.४ होत नाहीत. मधल्या किमती नव्याने तयार कराव्या लागतात, आणि त्याचं साधन म्हणजे ब्लर.

फाइल १६-बिट करा. थराची प्रत काढा. प्रतीला गाउशियन ब्लर द्या, त्रिज्या पट्ट्याच्या रुंदीच्या आसपास. पट्टा ६४ पिक्सेलचा असेल तर ५०-६० पासून सुरुवात करा. १६-बिटमध्ये ब्लर दोन पायऱ्यांच्या मधल्या सगळ्या किमती भरून काढतो. मग मास्क लावून हा थर फक्त मोकळ्या आकाशात ठेवा. तारे, ग्रहाची कड, डोंगराची रेषा मास्कच्या बाहेर हवी, नाहीतर त्यांच्याभोवती घाणेरडं धुकं पसरतं. तारे पुष्कळ असतील तर ब्लर देण्याआधी प्रतीतले तारे डस्ट अँड स्क्रॅचेससारख्या फिल्टरने घालवा, आणि मूळ थरातले तारे वरून लाइटन मोडमध्ये परत आणा. नंतर वरचाच क्रम: आकार, नॉइज, ८-बिट, पीएनजी.

डोंगराला मास्कबाहेर ठेवायचं आणखी एक कारण आपल्याकडचं आहे. सह्याद्रीचे कडे पाया म्हणून वापरलेत तर त्यांत आडवे थर असतातच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या प्रवाहांवर प्रवाह साचून हे कडे झाले आहेत, आणि पायऱ्यांची ती रचना परग्रहाच्या चित्रात फार सुरेख दिसते. भाचीने नाणेघाटाच्या बाजूच्या कड्यांचा फोटो घेऊन दोन चंद्रांचं चित्र केलं, तेव्हा बँडिंग समजून कड्यांनाही ब्लर दिला होता. कडा मेणाचा झाला. ओळखायची रीत तीच, आकडे वाचायची. खडकाच्या थरात पिक्सेल खालीवर नाचत असतात, बँडिंगमध्ये ते मुकाट एका ओळीत उभे असतात.

तयार पीएनजी जड होईल, त्याला घाबरू नका. १९२० बाय १०८० ची फाइल न दाबता सुमारे ६.२ एमबी भरते, ४के ची सुमारे २४.९ एमबी, आणि नॉइज फारसा दाबता येत नाही म्हणून पीएनजी नेहमीपेक्षा बरीच जड होते. ती हलकी करायला ऑनलाइन कॉम्प्रेसरमध्ये घालू नका. त्यांतले बरेचसे रंग २५६ वर आणतात, तिन्ही मिळून २५६, आणि आपण पुन्हा पहिल्या परिच्छेदावर. बाकी सगळं करूनही पट्टे राहिले तर मूळ फाइल, स्क्रीनशॉट आणि ट्रान्सकोडेडवॉलपेपरची प्रत या तिन्हींतल्या एकाच जागेचे आकडे शेजारी शेजारी लिहून काढा. ज्या दोघांत सरमिसळ संपून सरळ ओळ सुरू होते, त्यांच्या मधला टप्पा बिघडलेला आहे.